जादाचं हेल्मेट

माझ्या गाडीच्या डाव्या अंगाला
एक डोकं लटकलेलं असतं, रिकामं.
वळणावर गुडघ्याला टकटक करतं,
कुणी दार वाजवावं तसं.

रंगभवनच्या सिग्नलला हवालदारानं विचारलं,
हे कुणाचं?
म्हटलं, मागच्याचं.
मागं कोण आहे?
मी वळून बघितलं. त्यानंही बघितलं.
सीटवर त्रेचाळीस डिग्रीचं ऊन बसलं होतं
कुणालाच न धरता.
जावा, म्हणाला.

घेतलं होतं वरलक्ष्मीसाठी,
ती फार्मसीला लागली त्या वर्षी.
तेवढ्यात टेबलफॅन आला असता, असं तिची आई.
हनुवटीखाली पट्टा बेताचा ओढून
पोरीनं बॉलपेननं त्यावर रेघ मारली, निळी.
नान्ना, इथं. ह्याच्या पुढं नाही, मागं नाही.
तीन वर्षं, सकाळी पावणेसात,
अशोक चौकात ब्रेक मारला की
तिचं हेल्मेट माझ्या हेल्मेटावर आपटायचं.
बाकी आम्ही फार बोलायचो नाही.

मग हैदराबाद. गोळ्यांची कंपनी, खोलीत तिघीजणी.
हेल्मेट गाडीलाच असू दे, मी घरी सांगितलं,
माळ्यावर जागा नाही.
माळ्यावर जागा आहे.

उघड्या भांड्यात काही ना काही पडतंच:
शेंगाचटणीची पुडी, अर्धा डझन केळी,
अक्कलकोट रोडला दुरुस्तीला न्यायचा
मागाचा तुटका पिकर.
आणि मग माणसं.

पहिलं डोकं एका पोराचं,
दहावीचा पेपर, रिक्षा बंद, बगलेत पॅड,
काचेआडून सनावळ्या पुटपुटत होता,
मला दोन-तीन पाठ झाल्या.

एकाला सिव्हिलला सोडलं. डबा घेऊन निघालेला.
तो उतरला आणि हेल्मेटसकट आत चालत गेला.
मी हाक नाही मारली. वीस मिनिटांनी
स्वतःच आला परत, डबा तसाच, भरलेला,
हेल्मेट माझ्या हातात दिलं
आणि नुसता उभा राहिला.

रामक्काबाईनं पदरावरूनच घातलं.
मांडीवर विड्यांची टोपली, दहाच्या आत
कारखान्यात मोजून द्यायच्या होत्या.
जन्मभर डोक्यावर घागर घेतली रे,
पालथी घागर आजच घेतली,
म्हणून अशी हसली की गाडी हलली.
चार दिवस आत तंबाखू दरवळत होता.

जो तो पट्टा ओढून आपल्या मापाचा करायचा.
संध्याकाळी मी परत रेघेवर आणायचो.
घामानं रेघ फिकी झाली, वरून गिरवली.
परत फिकी. परत गिरवली.
एकदा गिरवताना हात हलला,
केसभरच,
पण तेव्हापासून रेघ तिची की माझी
सांगता येत नाही.

गड्ड्याच्या यात्रेला ती आली.
पहाटे स्टेशनाबाहेर मी बाहीनं हेल्मेट पुसत होतो,
आत नाक घालून बघत होतो
वास गेला का.
ती आली. पाठीवर सॅक, सॅकला अडकवलेलं
तिचं स्वतःचं हेल्मेट. पांढरं, गडद काचेचं.
तिकडं गाडी घेतली नान्ना, हप्त्यावर.
बोलली नाहीस.
बोलणार होते.

थंडीत काच खाली करून बसली.
आमचं जुनं तिच्या मांडीवर, तिनंच घेतलं मागून.
भैय्या चौकात ब्रेक मारला.
डोक्यावर डोकं आपटलं.
आवाज जाड होता, ओळखीचा नव्हता,
पण आपटलं.

थोडं पुढं गेल्यावर मागून आवाज आला,
ह्याला विडीचा वास कसा काय?
आणि ही रेघ,
ही इतकी खाली कुणी ओढली?

मी गाडी तिसऱ्यावरून दुसऱ्यावर घेतली.
सांगायचं बरंच होतं
आणि कन्ना चौक फार लवकर येतो.